काटकसर कुणाच्या ताटातून?

महिन्याची वीस तारीख उलटली की घरोघरी एक मूक कपात सुरू होते. तिची नोंद कुठल्याच वहीत सापडत नाही. मुलांचं दूध कमी होत नाही, यांच्या डब्यातली भाजी कमी होत नाही, सासूबाईंची गोळी तर नाहीच नाही. कमी होतो तो गृहिणीचा स्वतःचा कप. आणलेली केळी सगळ्यांना वाटून झाल्यावर 'मला नकोच होतं' म्हणून ती मोकळी होते. दाढ ठणकत असते, पण 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत लवंग धरली जाते. आणि शेजारणीनं कौतुकानं विचारलं, 'कसं हो भागवता एवढ्यात?' तर उत्तर येतं, 'करते बाई काटकसर!'

मैत्रिणींनो, याला काटकसर म्हणायचं नाही. हे पुढं ढकललेलं बिल आहे, आणि ते येतं तेव्हा डॉक्टरांच्या सहीनं येतं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. याला कारणं अनेक आहेत. पण शेवटी जेवायला बसणारी आणि उरलंसुरलं खाणारी कोण, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

तेव्हा या लेखात दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. कपात करायची ती गळतीत करा, स्वतःच्या ताटात नको. आणि वाचलेल्या पैशाला तुमच्या नावाचं ठिकाण द्या. नाहीतर ओंजळीतल्या पाण्यासारखा तो कुठं गेला हे कळणारही नाही.

आधी गळती दिसू द्या

पूर्वी पगार रोख हाती यायचा. वाण्याचे, दूधवाल्याचे, शाळेच्या फीचे पैसे वेगवेगळ्या पाकिटांत घालून ठेवले की पाकीट पातळ होताना डोळ्यांना दिसायचं आणि हात आपोआप आखडायचा. २०१६ सालापासून यूपीआय आलं. सोय झाली यात शंका नाही. सुट्ट्या पैशांची कटकट गेली. पण नोट हातातून जाताना जी बारीकशी कळ उमटायची तीही गेली. कोथिंबिरीच्या जुडीपासून दिवाळीच्या साडीपर्यंत सगळे पैसे एकाच 'टुण्' आवाजात जातात.

म्हणून एक महिना वही घालाच. रोज लिहायला जमत नसेल तर रविवारी दुपारी मोबाइलमधली आठवड्याची यादी समोर घ्या आणि वहीत उतरवा. तीन रकाने पुरेत. पहिल्यात ठरलेले खर्च : भाडं किंवा घराचा हप्ता, फी, विमा, वीज, गॅस, दूध. दुसऱ्यात गरजेचे पण कमीजास्त होणारे : वाणसामान, भाजी, औषधं, प्रवास. तिसऱ्या रकान्याला सरळ 'गळती' असं नाव द्या. कुणी बघत नसलेल्या वाहिनीचे दरमहा आपोआप कापले जाणारे पैसे, एका लिंबासाठी मागवलेल्या घरपोच सामानावर लागलेलं वरचं शुल्क, उशिरा भरलेल्या बिलाचा दंड, 'मिळतंय स्वस्त' म्हणून आणलेली आणि तशीच पडून असलेली तिसरी बादली, हे सगळं तिथं.

या वहीत घरातल्या सगळ्यांचा खर्च यायला हवा, यांचा पेट्रोल-चहाचाही. कुणाला पकडण्यासाठी वही घातलेली नाही, हे पहिल्याच दिवशी हसत सांगून टाकावं. महिनाअखेर तिसऱ्या रकान्याची बेरीज करा. बहुतेक घरांत ती गृहिणीच्या दुधाच्या खर्चाहून मोठी निघते!

शेगडीजवळची बचत

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो किती दिवस पुरला, हे कॅलेंडरवर लिहायची सवय लावा. नवा लावला ती तारीख, संपला ती तारीख. हाच तुमचा ताळेबंद. समजा, आज सिलिंडर २८ दिवस जातो. तो ३५ दिवस पुरवता आला, तर वर्षाला १३ ऐवजी साडेदहा लागतील. अडीच सिलिंडर वाचले. आपल्या गावच्या दरानं गुणून बघा.

आता हे सात दिवस काढायचे कुठून? उपाशी राहून नक्कीच नाही. डाळ-तांदूळ चढवण्यापूर्वी अर्धा तास भिजू द्या. राजमा, हरभरे, छोले रात्रीच भिजत घाला. भिजलेलं कडधान्य लवकर शिजतं, हे आजीला ठाऊक होतं आणि आजही ते तितकंच खरं आहे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही. कुकरमध्ये दाब वाढतो आणि तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून वेळ कमी लागतो. डाळ, भात आणि बटाटे एकाच कुकरच्या भांड्यांत एकावर एक लावले तर तीन कामं एका आचेवर होतात. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी. आच मोठी ठेवली म्हणून आतलं अन्न लवकर शिजत नाही, शिट्ट्या तेवढ्या भराभर होतात आणि गॅस वाफेवाटे जातो.

भाजीला उकळी आली की तिथंही हाच नियम. उकळत्या पाण्याखाली जाळ मोठा केला तरी पाणी अधिक गरम होत नाही, नुसतं आटतं. तेव्हा झाकण घाला आणि आच कमी करा. दूध, भिजवलेली कणीक, कालची आमटी शीतकपाटातून काढून थोडा वेळ ओट्यावर ठेवा, मग शेगडीवर. ज्वाला पिवळी दिसू लागली, भांड्याची बुडं काळी होऊ लागली, म्हणजे बर्नरची भोकं तुंबली आहेत असं समजा. बर्नर गार झाल्यावर काढून, ब्रशनं घासून, पुरता वाळवूनच परत बसवावा. भांडं लहान आणि बर्नर मोठा असला की ज्वाला कडेनं वर येते आणि आपण भांड्याऐवजी भिंत तापवतो.

वाण्याच्या दुकानात चष्मा विसरू नका

तेलाची एक गंमत सांगते. एक लिटर तेल म्हणजे एक किलो तेल नव्हे. लिटरभर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साधारण पावणेचौदा किलोच तेल असतं. शेजारी १५ किलोचा डबा थोडा महाग दिसला, तरी त्यात सव्वा किलोच्या वर तेल अधिक असतं. दोन्हींची किंमत किलोवर आणून मगच ठरवा.

पिशव्यांचंही तसंच. हल्ली सगळ्याच पिशव्या लिटरच्या किंवा किलोच्या नसतात. दिसायला तेवढीच, पण आत ८५० ग्रॅम किंवा त्याहूनही कमी. बिस्किटांचा पुडा, साबणाची वडी, चहाची पिशवी यांची किंमत तीच राहते आणि वजन गुपचूप उतरतं. पुडक्यावर निव्वळ वजन छापलेलं असतंच. हल्ली पुष्कळ वस्तूंवर एका ग्रॅमला किंवा एका मिलिलिटरला किती पैसे पडतात, तेही छापलेलं असतं. अक्षर बारीक असतं, पण तेच वाचायचं. 'त्यावर हे मोफत' ही मोठी अक्षरं नंतर. छापील किमतीहून जास्त पैसे कुणी मागितले तर ते द्यायचे नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

वर्षाचं धान्य भरावं का? उन्हाळ्यात नवा गहू, नवी तूर बाजारात येते तेव्हा भाव सहसा बरा असतो. जागा कोरडी असेल, ऊन दाखवायला गच्ची असेल आणि पैसे हाताशी असतील, तर जरूर भरा. पण धान्यासाठी कर्ज काढू नये, आणि किड्यांनी खाल्लेलं धान्य कितीही स्वस्त घेतलेलं असलं तरी महागच पडतं. दोन खोल्यांच्या घरात तीन महिन्यांचं भरणं हेच शहाणपणाचं.

आणखी एक वाट आहे, एकटीनं न जाण्याची. महागाईपुढे एकटीची काटकसर तोकडी पडते, हे आपल्या मायबहिणींनी फार पूर्वी ओळखलं होतं. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिथं काही कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याच्या सामानाची मागणी एकत्र नोंदवायची आणि आलेला माल आपसात वाटून घ्यायचा, अशी पद्धत आहे. तुमच्या गावी अशी संस्था नसली तरी आळीतल्या सहा-सात घरांनी मिळून तांदळाचं पोतं, गुळाची ढेप किंवा तेलाचे डबे घाऊक बाजारातून आणायला कुणाची परवानगी लागत नाही. वजनकाटा तेवढा चोख हवा, म्हणजे मैत्री टिकते.

विजेच्या बिलातली पायरी

बिल आलं की आपण फक्त खालचा आकडा बघतो. वरचे टप्पेही बघा. महावितरणच्या घरगुती दरांत पहिली १०० युनिटं सर्वांत स्वस्त असतात. १०१ ते ३०० चा दर त्याहून पुष्कळ चढा, ३०१ ते ५०० चा आणखी चढा. म्हणजे तुमचा वापर ३२० युनिटांचा असेल, तर शेवटची २० युनिटं सर्वांत महाग पडतात. वाचवायची ती हीच वरची युनिटं.

कशी वाचतील? जुना पंखा साधारण ७५ वॉटचा असतो. रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिटं खातो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो. त्याची होतात सुमारे ११ युनिटं. एका पंख्यामागं १६ युनिटं वाचली. दोन पंखे बदलले की ३२०ची २८८ झाली आणि वरची पायरी उतरलात. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. जो सर्वांत जास्त फिरतो तो आधी, आणि तोही जुना बिघडेल तेव्हा. २००० वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं. म्हणून आंघोळी एकापाठोपाठ उरकाव्यात, तोट्या अर्ध्या उघडाव्यात. शीतकपाट चोवीस तास चालू असतं, तेव्हा ते घेताना किमतीइतकंच ताऱ्यांकडे लक्ष द्या.

इथं मात्र कात्री चालवू नका

औषधाच्या बाबतीत आपण दोन टोकं गाठतो. मुलासाठी महागातलं महाग, आणि स्वतःची रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड! हे दुसरं तर फारच धोक्याचं. गोळी परवडत नसेल तर ती कमी करण्याऐवजी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि औषधाचं मूळ नाव लिहून मागा. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेची दुकानं आता गावोगाव आहेत. तिथं त्याच घटकाचं औषध प्रसिद्ध नावाच्या औषधापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळू शकतं. रक्तदाब, मधुमेह यांच्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात, तेव्हा ही बचत दरमहाची आहे. बदल मात्र डॉक्टरांना विचारूनच करावा.

तसंच तुमचं दूध, तुमचं फळ, तुमची पालेभाजी, तुमचा चष्मा आणि तुमच्या दाढेचा उपचार हे खर्च वहीतल्या दुसऱ्या रकान्यात तुमच्या नावानं लिहा. लिहिलेला खर्च सहजासहजी खोडला जात नाही. न लिहिलेला मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही.

वाचलं ते ठेवायचं कुठं?

आता खरी मेख. आपण गॅस वाचवतो, वीज वाचवतो, भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून हुज्जत घालतो. वर्षाअखेर विचारलं, 'किती वाचले?' तर सांगता येत नाही. कारण ते घरातच विरून गेलेले असतात. गॅसमध्ये वाचले ते नव्या मोबाइलच्या हप्त्यात गेले.

डब्यातल्या पैशाची गोष्ट तर सगळ्यांना आठवत असेल. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि किती तरी घरांत तांदळाच्या डब्यातून, साड्यांच्या घड्यांतून, देवघराच्या खणातून नोटा बाहेर आल्या. अडीअडचणीसाठी वर्षानुवर्षं कुणाला न सांगता जमवलेला तो पैसा होता. तो आला आणि घरच्या खात्यात मिसळला. पुष्कळ जणींना तो पुन्हा आपला म्हणता आला नाही. डब्यातल्या पैशाला व्याज नसतं हे तर झालंच. पण त्याच्यावर तुमचं नावही नसतं, हे मोठं दुखणं.

म्हणून स्वतःच्या नावाचं बचत खातं हवं, आणि त्याला जोडून आवर्ती ठेव. पोस्टातली पाच वर्षांची आवर्ती ठेव महिना शंभर रुपयांपासून काढता येते. महिना पाचशे टाकले तर साठ हप्त्यांत मुद्दलच तीस हजार होतं, व्याज वेगळं. बारा हप्ते नियमित भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळतं, म्हणजे मध्येच अडचण आली तर ठेव मोडावी लागत नाही. पैसे महिन्याच्या पहिल्या तारखांना टाका. उरले तर टाकू म्हटलं की ते कधीच उरत नाहीत. बँकेत ठेवणार असाल तर ती ठेव विमा असलेली बँक आहे ना, हे बघा. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या रकमेला हा विमा आहे. पतपेढीला तो लागू नसतो.

महिला सन्मान बचत पत्राबद्दल अजूनही विचारणा होते. २०२३ साली निघालेली ती योजना ३१ मार्च २०२५ ला बंद झाली, त्यामुळे आता त्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका. दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर २०१५ पासूनची सुकन्या समृद्धी योजना आहे, वर्षाला किमान २५० रुपये भरून ती चालू ठेवता येते. पण ते पैसे लेकीचे. तुमचा आवर्ती हप्ता तिच्यासाठी मोडू नका.

आणि भिशी? बारा जणींनी महिना दोन-दोन हजार घातले की चोवीस हजारांची भिशी. पहिला नंबर लागला तिला बिनव्याजी कर्ज मिळालं. शेवटचा नंबर लागला तिला स्वतःचेच पैसे वर्षानं परत मिळाले, एक पैसाही जास्त नाही. शिस्त लागते आणि चार जणींचा सहवास मिळतो, म्हणून छोटी भिशी जरूर लावा. पण एखादी मध्येच थांबली तर भरपाई कुणाकडून मागणार? सगळी बचत तिथं नको, आणि अनोळखी माणसाच्या मोठ्या भिशीत तर मुळीच नको.

हे घरात बोलायचं कसं?

'माझ्या नावानं खातं' म्हटलं की काही घरांत भुवया उंचावतात. 'आमच्यावर विश्वास नाही का?' असा प्रश्न येतो. प्रश्न विश्वासाचा नाहीच. जुलै २०२४ मध्ये पोटगीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनीच लिहिलं आहे की, नवऱ्यांनी गृहिणी पत्नीची आर्थिक गरज ओळखावी, संयुक्त खातं काढावं, एटीएम कार्ड तिच्याही हाती असावं. त्याआधी जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं एका निकालात म्हटलं होतं की, घर सांभाळणाऱ्या पत्नीच्या श्रमांमुळेच नवऱ्याला निश्चिंतपणे कमावता येतं. तेव्हा त्या कमाईतून झालेल्या मालमत्तेत तिचाही हातभार आहे. तो निकाल त्या खटल्यापुरता. उद्यापासून सगळ्यांच्या घरांना आपोआप लागू होईल असा कायदा त्यानं झालेला नाही. पण गृहिणीनं वाचवलेला रुपया हा तिच्या श्रमाचा रुपया आहे, हे न्यायासनावरून बोललं जाऊ लागलं, हेही थोडं नाही.

तेव्हा भांडायला नको. महिनाअखेरीला जेवणं आटोपल्यावर वही घेऊन बसा. 'गॅस सहा दिवस जास्त गेला, वीज तीस युनिटं कमी आली, गळतीतले चारशे थांबवले. याचे मिळून सातशे रुपये होतात. ते मी माझ्या ठेवीत टाकते. घरावर वेळ आली तर ते घरचेच आहेत.' आकड्यांनी बोललेलं सहसा कुणाला खोडता येत नाही. मुलांनाही जवळ बसवा. पंखा बंद केला की आईच्या ठेवीत भर पडते, हे कळलं की तीच पोरं घरभर बटणं बंद करत फिरतात. सासूबाईंना विचारा, त्यांच्याकडे जुन्या युक्त्यांचा साठा असतो. आणि त्यांच्याही नावानं खातं आहे का, तेही विचारून घ्या.

येत्या महिन्यासाठी एवढंच

पहिल्या आठवड्यात वही घाला आणि सिलिंडरची तारीख लिहा. दुसऱ्या आठवड्यात विजेच्या बिलातले टप्पे वाचा, तेलाचा भाव किलोवर काढा. तिसऱ्या आठवड्यात गळतीतले कोणतेही दोनच खर्च बंद करा. दहा बंद करायला गेलात तर एकही होणार नाही. चौथ्या आठवड्यात आधार कार्ड, पॅन कार्ड आणि दोन फोटो घेऊन पोस्टात किंवा बँकेत जा, खातं काढा आणि वारसाचं नाव लिहायला विसरू नका.

आणि हो, जाण्यापूर्वी आपला कपभर दूध घेऊन जा.